तोच कापूस, तेच वजन, तरीही पाठीला चिकटणारा शर्ट

तक्रार अगदी साध्या शब्दांत आली होती: नवा शर्ट पाठीला चिकटतो, जुना चिकटत नव्हता. काम एका मोठ्या शेडमधलं. दिवसभर उभं राहून खोकी उचलायची, रचायची, पुढे सरकवायची. वर पत्रा, हवा दमट आणि जागोजागी उभे पंखे. वर्षानुवर्षं चालत आलेल्या गणवेशाचं कापड बदललं आणि दोन आठवड्यांत कुरबुर सुरू झाली. मी कापड तपासणीच्या कामात असल्यामुळे दोन्ही शर्ट माझ्या टेबलावर आले. सोबत एक फाइलही आली. त्या फाइलप्रमाणे तक्रारीला काही आधारच नव्हता.

फाइल खोटी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. तिच्यातला प्रत्येक आकडा बरोबर होता. दोन्ही कापडं शंभर टक्के सुती, दोन्ही साध्या विणीची, दोन्हींचं वजन १४५ जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला १४५ ग्रॅमच्या आसपास. जुन्या कापडात ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) दोन्ही २० नंबरच्या सुताचे (नंबर जितका मोठा, तितकं सूत बारीक), इंचाला ६० ताणे आणि ६० बाणे. नव्यात दोन्हीकडे ४० नंबरचं सूत, इंचाला १३३ ताणे आणि १०० बाणे. खरेदी विभागातल्या गृहस्थांचं म्हणणं असं, की सूत बारीक झालं, धागे जवळजवळ दुप्पट झाले, कापड हाताला तलम लागतं आणि इस्त्री टिकते. "आम्ही उलट चांगलं कापड दिलंय, साहेब." ते मनापासून बोलत होते. शिवाय त्यांच्याकडे बाष्प-पारगम्यतेचा अहवाल होता. कपात पाणी घेऊन तोंडावर कापड ताणायचं आणि ठरावीक वेळात किती पाणी वाफ होऊन बाहेर गेलं ते वजन करून बघायचं, अशी ती चाचणी. तिच्यात दोन्ही कापडं जवळपास सारखी ठरली होती. म्हणून निष्कर्ष असा निघाला होता, की दोन्ही सारखाच श्वास घेतात आणि तक्रार मनाची आहे.

कापड श्वास घेतं, असं आपण सगळेच म्हणतो. पण या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी झाकल्या जातात. वारा आरपार जाणं ही एक. वारा नसताना घामाची वाफ बाहेर पडणं ही दुसरी. आणि घाम पाण्याच्याच रूपात कापडात शिरून पसरणं ही तिसरी. तिन्हींच्या वाटा वेगळ्या आणि तिन्हींना अडवणारी कारणंही वेगळी. एकाच कापडात एक वाट मोकळी आणि दुसरी बंद असू शकते. या प्रकरणात नेमकं तेच झालं होतं.

पंख्यासमोरच्या तक्रारी

टेबलावर काही करण्याआधी मी शेडमध्ये जाऊन उभा राहिलो. दोन्ही पाळ्यांतल्या लोकांशी बोललो आणि एक गोष्ट खटकली. तक्रार सगळ्यांची नव्हती. कोपऱ्यात, जिथे पंख्याचा झोत पोचत नाही, तिथे लेबलं लावणारे लोक म्हणाले, "फरक? फार नाही. नवा जरा गुळगुळीत आहे एवढंच." सगळ्यात जोरात तक्रार होती ती थेट पंख्यासमोर उभं राहून खोकी रचणाऱ्यांची. वरवर पाहता हे उलटं वाटतं. ज्यांना वारा मिळतो त्यांना बरं वाटायला हवं.

तिथल्या एका ताईंनी पाठ फिरवून दाखवलं. दोन बोटांनी शर्ट पाठीवरून उचलला आणि सोडला. कापड हळूहळू परत पाठीला टेकलं आणि टेकलं तिथे गडद डाग उमटत गेला. त्या म्हणाल्या, "पंखा पाठीवर आहे हो, पण वारा आत येत नाही. जुन्यात यायचा." ते वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. पुढचे सहा दिवस मी जे काही केलं, ते त्या वाक्याची शहानिशाच होती.

दोष कापसाचा असता, म्हणजे धाग्याच्या मूळ स्वभावाचा असता, तर कोपऱ्यातल्यांनीही तक्रार केली असती. दोन्ही गटांत फरक होता तो वाऱ्याचा. त्यामुळे संशय विणीवर गेला.

भिंगाखाली

धागे मोजायचं घडीचं भिंग कापडावर ठेवून आधी ताणे-बाणे मोजले. फाइलीत लिहिलेलंच निघालं. मग दोन्ही तुकडे उजेडाकडे धरले. जुन्या कापडातून खिडकीच्या गजांची आकृती दिसत होती आणि चौकोनी जाळी स्पष्ट होती. नव्यातून नुसता पांढुरका उजेड येत होता. ओठांशी धरून फुंकर मारली तर जुन्याच्या पलीकडे तळहाताला झुळूक लागली. नव्यातून फुंकर गालांवर परत आली. ही चाचणी कोणत्याही मानकात नाही, पण मी ती प्रत्येक कापडाला करतो आणि सांगणाऱ्या प्रत्येकाला करायला सांगतो.

पुढचा हिशोब कागदावरचा आहे आणि तो कुणालाही पडताळता येईल. सुती धाग्याचा व्यास काढायचं एक जुनं सूत्र आहे: एक इंच भागिले २८ गुणिले सुताच्या नंबरचं वर्गमूळ. फ्रेडरिक पीअर्स यांनी १९३७ मध्ये कापडाच्या भूमितीवर जे काम मांडलं, त्यातून आलेलं हे गणित आजही वापरात आहे. त्याप्रमाणे २० नंबरचा धागा साधारण ०.२० मिलिमीटर जाड आणि ४० नंबरचा ०.१४. आता अंतरं बघा. जुन्या कापडात दोन धाग्यांच्या मध्यांमधलं अंतर ०.४२ मिलिमीटर. त्यातून धाग्याची जाडी वजा केली की ०.२२ मिलिमीटरची मोकळी फट उरते, उभी आणि आडवी दोन्हीकडे. नव्या कापडात ताण्यांमधली फट ०.०४८ मिलिमीटर आणि बाण्यांमधली ०.११. जुन्यात चौकोनी खिडकी होती, नव्यात बारीक चीर राहिली.

एका चौरस इंचात जुन्या कापडाची छिद्रं ३६००, नव्याची १३,३००. म्हणजे छिद्रं पावणेचार पट वाढली, पण एकेका छिद्राचं क्षेत्रफळ नवव्या हिश्शावर आलं. एकूण मोकळी जागा जुन्यात कापडाच्या २७ टक्के होती, नव्यात ११ टक्क्यांच्या आत आली. वजन तेच राहिलं आणि कापड बंद झालं. कारण तेवढाच कापूस बारीक धाग्यांत वाटला की तो जास्त जागा झाकतो. अर्ध्या वजनाच्या सुताचे दुप्पट धागे लावले तर व्यास निम्मा होत नाही, वर्गमुळाच्या हिशोबाने ०.७ पटच होतो. धागे दुप्पट आणि व्यास ०.७ पट, म्हणजे झाकण १.४ पट. जीएसएमच्या आकड्यात हे कधीच दिसत नाही. माझ्या मते कापडखरेदीत सगळ्यात जास्त दिशाभूल करणारा आकडा जीएसएमच आहे, आणि तो खरा असतो म्हणूनच दिशाभूल करतो.

खरा घाव याच्याही पुढे आहे. मोकळी जागा अडीच पट कमी झाली म्हणून वारा अडीच पट कमी झाला, असं होत नाही. हवा बारीक वाटेतून जाताना कडांना घासते. लांब बारीक नळीत प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताने घटतो, म्हणजे नळी निम्मी केली की प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. हेच गणित या दोन कापडांना जसंच्या तसं लावलं तर फरक तेवीस पटींवर जातो. कापडातलं छिद्र लांब नळीसारखं नसतं, ते अगदी आखूड असतं. म्हणून प्रत्यक्षातला फरक अडीच आणि तेवीस यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. चिरेसारखा आकार आणि सुताची लव, म्हणजे धाग्याबाहेर आलेले बारीक तंतू, त्याला वरच्या बाजूला ढकलतात. हवा-पारगम्यतेच्या यंत्रावर दोन्ही कापडं लावली तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. ते आकडे काम देणाऱ्यांच्या मालकीचे आहेत, म्हणून इथे देत नाही. वरची भूमिती मात्र कुणाच्याही मालकीची नाही.

आता त्या यंत्राबद्दल एक गोष्ट. कपड्यांच्या कापडासाठी हवेची चाचणी साधारणपणे १०० पास्कल दाबावर करतात. आयएसओ ९२३७ या आंतरराष्ट्रीय मानकात तसंच सुचवलेलं आहे. १०० पास्कल म्हणजे किती वारा? ताशी ४६ किलोमीटरच्या आसपासचा वारा छातीवर आदळला तर जेवढा दाब येईल तेवढा. शेडमधला पंखा, झोत सेकंदाला दोन मीटर धरला तर, जेमतेम अडीच पास्कल दाब देतो. म्हणून यंत्रावर बरं दिसणारं कापडही पंख्यासमोर ढिम्म राहू शकतं. दोन कापडांची तुलना करायला १०० पास्कल चालतं. माणसाला झुळूक लागेल का, हे त्यावरून ठरवू नये.

वाफेचा अहवाल खरा कसा

एवढं झाल्यावर खरेदीवाल्या गृहस्थांनी रास्त प्रश्न विचारला. छिद्रं इतकी बंद झाली, तर वाफेच्या चाचणीत फरक का आला नाही?

कारण वाफ वेगळ्या पद्धतीने जाते. तिला ढकलावं लागत नाही. जिथे दमटपणा जास्त तिथून जिथे कमी तिकडे ती आपोआप पसरत जाते, आणि या पसरण्यात छिद्राच्या बारीकपणाचा तसा काच नसतो. एकूण मोकळी जागा महत्त्वाची, तीही साध्या प्रमाणात, घातांकाने नाही. शिवाय वाफ फक्त ताण्या-बाण्यांमधल्या जाळीतून जात नाही. धाग्याच्या आत तंतूंमध्ये हवा असते, तिच्यातूनही ती जाते. सुताचा तंतू स्वतः वाफ शोषून पलीकडच्या बाजूला सोडतो. कापसाची नैसर्गिक ओल व्यवहारात साडेआठ टक्के धरतात, पॉलिस्टरची ०.४ टक्के. यावरून कापूस वाफेशी किती सलगी करतो ते कळावं.

आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे वाफेच्या वाटेतला खरा अडथळा कापड नसतंच. अडथळा असतो स्थिर हवेचा. अंग आणि शर्ट यांच्यात काही मिलिमीटर थांबलेली हवा, शर्टाच्या बाहेर चिकटून राहिलेला हवेचा आणखी एक थर, आणि या दोन थरांच्या मध्ये तीन-चार दशांश मिलिमीटर जाडीचं कापड. असं पातळ सुती कापड वाफेला जेवढं अडवतं, तेवढं एक-दोन मिलिमीटर स्थिर हवाही अडवते. कपाच्या चाचणीत तर पाणी आणि कापड यांच्यात सुमारे दोन सेंटिमीटर हवा ठेवलेली असते. एवढ्या अंतराच्या तुलनेत दोन कापडांमधला फरक झाकला जाणारच. अहवालाने दोन्ही सारखी म्हटलं ते बरोबर होतं. पण तो अहवाल कोपऱ्यात शांत बसून लेबलं लावणाऱ्यांचा होता आणि त्यांनीही तेच सांगितलं होतं. पंख्यासमोरच्यांचा प्रश्न त्या चाचणीला विचारलाच गेला नव्हता.

घामाळलेल्या तव्याची एक चाचणी असते, आयएसओ ११०९२. अंगाच्या तापमानाइतका, म्हणजे ३५ अंशांवर ठेवलेला सच्छिद्र तवा सतत ओला राखतात आणि त्यावर कापड ठेवतात. वरून सेकंदाला एक मीटर वेगाने, ४० टक्के आर्द्रतेची हवा फिरवतात आणि तवा त्याच तापमानावर ठेवायला किती ऊर्जा लागते ते मोजतात. ती चाचणी कपापेक्षा माणसाच्या जवळची आहे. पण तिथेही हवा कापडाला समांतर वाहते, पाठीवर आदळत नाही. आणि माणूस हलतो. हात उचलला, वाकलं, वळलं की शर्ट भात्यासारखा आतली दमट हवा बाहेर टाकतो आणि कोरडी आत ओढतो. हे काम कापडातून वारा ये-जा करू शकला तरच नीट होतं. खोकी रचणाऱ्याच्या अंगातली उष्णता बाहेर काढायला हाच भाता सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

थेंब

तिसरी वाट राहिली होती, पाण्याची. ड्रॉपरने एक थेंब जुन्या कापडावर सोडला. टेकताक्षणी तो गडप झाला आणि कडांना पसरत फुलासारखा डाग उमटला. नव्या कापडावर थेंब बसून राहिला. वरून गोल, खालून चमकता. मी टेबलावर हलकी टिचकी मारली तर थरथरला, पण आत गेला नाही. घड्याळ लावून बसलो. बराच वेळ गेला तेव्हा कुठे एका बाजूने दबत दबत तो आत शिरला.

कापूस पाणी नाकारत नाही. नाकारत होतं ते वरचं फिनिश. सुरकुती पडू नये म्हणून रेझिन आणि हात मऊ लागावा म्हणून सिलिकॉन सॉफ्टनर. शर्ट तलम लागत होता तो त्यामुळे, आणि घाम बाहेर ओढला जात नव्हता तोही त्यामुळे. केशाकर्षणाने पाणी पुढे सरकायला दोन गोष्टी लागतात. एक, तंतूंमधल्या बारीक वाटा. दुसरी, पाण्याला तंतूवर पसरायची तयारी. पहिली नव्या कापडात भरपूर होती, दुसरी फिनिशने काढून घेतली होती. मग घाम कातडीवरच साचतो, थेंब होऊन ओघळतो आणि ओघळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. एक ग्रॅम घाम अंगावरून वाफ होऊन गेला तर जवळपास २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तोच ग्रॅम जमिनीवर पडला तर त्या थंडाव्यावर पाणी सोडायचं.

इथे मला वाटलं, सापडलं. फिनिश काढलं की काम झालं. नव्या कापडाचे तुकडे गरम पाण्यात, साबणात पुन्हा पुन्हा उकळून धुतले. सिलिकॉन बऱ्यापैकी उतरलं आणि थेंब आत जाऊ लागला. त्याच कापडाचे काही शर्ट धुऊन शेडमध्ये दिले. पहिले दोन तास लोक खूष होते. दुपारपर्यंत तक्रार परत आली आणि पहिल्यापेक्षा जास्त जोरात. "आता भिजतो लवकर आणि वाळतच नाही."

ओलं झाल्यावरचं कापड

प्रमाण चाचण्या कोरड्या कापडावर होतात. २० अंश तापमान, ६५ टक्के आर्द्रता, कापड त्या हवेत मुरवलेलं. दुपारी दोन वाजता पाठीवर असतो तो शर्ट त्या अवस्थेत नसतो.

ओला झालेला कापसाचा तंतू लांबीला जवळपास तसाच राहतो, पण आडवा फुगतो. त्याच्या काटछेदाचं क्षेत्रफळ चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढतं. सगळी वाढ धाग्याच्या जाडीत उतरत नाही, काही आतल्या पोकळ्या भरण्यात जाते. धागा दहाच टक्के जाड झाला असं धरलं, तरी जुन्या कापडातल्या छिद्राचं क्षेत्रफळ अठरा टक्क्यांनी घटतं आणि नव्यातलं एकोणचाळीस टक्क्यांनी. मुळात फट मोठी असेल तर थोडी सूज ती सोसते. चिरेला ते जमत नाही.

याच सुजेचा मुद्दाम उपयोग करून घेतलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये व्हेंटाइल नावाचं कापड तयार झालं. लांब धाग्याचा उत्तम कापूस, अतिशय दाट वीण आणि वर रबराचा किंवा मेणाचा कसलाही लेप नाही. कोरडं असताना ते वाफ जाऊ देई. पाण्यात पडलं की धागे फुगून छिद्रं आवळून घेत आणि पाणी अडे. थंड समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी तो गुण जीव वाचवणारा होता. आमच्या शर्टात तोच गुण नको त्या जागी आला होता. (कापडाची भूमिती मांडणारे पीअर्सही त्याच संस्थेतले. म्हणून ही दोन कामं माझ्या डोक्यात कायम जोडीने येतात.)

सुजेच्या पलीकडे आणखी एक गोष्ट घडते आणि ती मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. पाणी आधी सगळ्यात बारीक जागा भरतं. पहिल्यांदा धाग्यातल्या तंतूंमधली, मग त्याहून थोडी मोठी. जुन्या कापडात धागे भिजून जातात तरी त्यांच्यामधली ०.२२ मिलिमीटरची खिडकी बराच वेळ उघडी राहते. नव्यातली ०.०४८ मिलिमीटरची चीर मात्र पाण्याचा पातळ पडदा धरून बसते. तो पडदा फोडायला किती दाब लागेल? पाण्याच्या पृष्ठताणावरून हिशोब केला तर सुमारे ३००० पास्कल. पंखा देतो अडीच. एकदा चिरा पाण्याने मिटल्या की पंखा दिवसभर फिरवा, वारा आत येणार नाही. ताईंचं वाक्य आठवा.

फिनिश काढल्यावर तक्रार का वाढली, तेही इथे उलगडलं. फिनिश होतं तोवर पाणी कापडाबाहेर, कातडीवर राहत होतं. ते गेलं आणि पाणी कापडात शिरलं, पण शिरलं ते थेट फटींत. आणि ओलं गुळगुळीत कापड कातडीला सपाट टेकलं की दोघांमध्ये पाण्याचा थर बसतो. मग आतली हवा हलायचं नावच काढत नाही.

काय बदललं

तीन पर्याय शिवून पाहिले. कॉलरच्या आत वेगवेगळ्या रंगाच्या धाग्याची खूण घातली आणि कोणता रंग कशाचा हे घालणाऱ्यांना सांगितलं नाही. लोकांनी पाळी-पाळीने अदलाबदल करून घातले.

पहिला म्हणजे फिनिश काढलेलं नवंच कापड. त्याची गत वर सांगितली.

दुसऱ्यात ४० नंबरचंच सूत, पण विरळ. इंचाला १०० ताणे, ८० बाणे. मोकळी जागा जवळपास २४ टक्क्यांवर आली आणि वारा खेळू लागला. लोकांना तो आवडला. पण वजन ११० जीएसएमच्या आसपास उतरलं, अंग दिसू लागलं आणि खोकी उचलताना खांद्याच्या शिवणीवर धागे सरकून फट पडली. विरळ विणीत बारीक गुळगुळीत सूत असलं की हे होतंच. बायकांनी तो शर्ट नाकारला आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के रास्त होतं.

तिसऱ्यात दोन पदर पिळलेलं सूत, २/४०. जाडीला ते २० नंबरसारखंच, पण दोन पदर एकमेकांवर पिळल्यामुळे धागा गोल होतो, लव कमी राहते आणि मजबुती वाढते. लव कमी म्हणजे जाळीत आडवे येणारे तंतू कमी, आणि जाळी तेवढीच असूनही वाट जास्त मोकळी. इंचाला ६० ताणे, ५६ बाणे, मोकळी जागा २९ टक्क्यांच्या जवळ. कांजी पूर्ण काढलेली. वर पाणी ओढणारं हलकं फिनिश, सिलिकॉन नाही. याच्या पृष्ठभागावर धाग्यांचे छोटे उंचवटे असतात. भिजल्यावरही कापड कातडीला ठिपक्या-ठिपक्यांनी टेकतं, सपाट नाही. मधल्या जागेत हवा राहते. खरखरीत म्हणून ज्याला नावं ठेवली, तो खरखरीतपणाच अंगाला सुटं ठेवत होता.

ट्विलचाही, म्हणजे तिरक्या रेघांच्या विणीचाही, विचार झाला होता. तेवढेच धागे ट्विलमध्ये घातले तर एकमेकांवरून उलटसुलट जाण्याच्या जागा कमी होतात, धागे हलू शकतात आणि साध्या विणीपेक्षा वारा सहसा जास्त जातो. पण १३३ × १०० ला ट्विल करून जेवढं मिळालं असतं त्यापेक्षा धागे कमी करूनच जास्त मिळत होतं, म्हणून तो नाद सोडला.

शर्टाच्या शिवणीतही एक बदल केला. पाठीचा वरचा पट्टा दुहेरी कापडाचा होता. दोन थर एकावर एक आले की एकाची जाळी दुसऱ्याच्या धाग्यांसमोर येते आणि वाट वेडीवाकडी होते. पंख्याचा झोत नेमका तिथेच पडतो. तो पट्टा एकेरी केला आणि त्यात मॉक लेनो वीण वापरली. तिच्यात धागे झुबक्याझुबक्यांनी जवळ येतात आणि झुबक्यांमध्ये मोठी भोकं राहतात. एकूण धागे तेवढेच, पण हवा मोजक्या मोठ्या वाटांनी जाते. बारीक हजार चिरांपेक्षा मोठी शंभर भोकं हवेला केव्हाही जास्त मानवतात.

तिसऱ्या नमुन्याला पंख्यासमोरच्यांनी एकमताने पसंती दिली. कोपऱ्यातल्यांनी मात्र फिनिश असलेल्या मूळ नव्या शर्टालाच झुकतं माप दिलं. तो गुळगुळीत होता, सुरकुतत नव्हता आणि त्यांना वाऱ्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांचं मत मी अहवालात बाजूला टाकलं नाही. त्यांच्या कामासाठी ते कापड वाईट नव्हतंच.

खरेदीच्या अटींच्या कागदात "शंभर टक्के सुती, १४५ जीएसएम" एवढीच ओळ होती. आता तिथे सुताचा नंबर, ताणे-बाण्यांची संख्या आणि वीण लिहिली जाते. हवेची चाचणी कोरड्या आणि ओल्या, दोन्ही अवस्थांत मागितली जाते. थेंब किती सेकंदांत आत जावा, तेही नमूद असतं.

एक काम अजून राहिलं आहे. कापड धुतलं की आटतं. ६० चे ६३ धागे व्हायला पाच टक्के आटणं पुरतं, आणि तेवढ्याने मोकळी जागा २७ वरून २५ टक्क्यांच्या खाली येते. जुना शर्ट लोकांनी वर्षानुवर्षं धुऊन वापरला होता, तेव्हा तुलना करायची तर धुतलेल्याशी धुतलेलाच हवा. २/४० च्या पहिल्या खेपेतले दहा शर्ट सध्या धुलाईच्या फेऱ्यांत आहेत. पाचव्या धुण्यानंतर ते परत भिंगाखाली येतील.